गोटी ऐकते की!

पाळणाघरातली पोरं तिला धप्पामावशी म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच्या टाचेने कमावलं होतं. एका खोलीत डझनभर पोरं एकदम भोकाड पसरायला लागली की घशाचा काय उपयोग? मग ही बाई लाकडी फळ्यांच्या जमिनीवर टाच आपटायची. धप्प! खोली हादरायची आणि सगळ्या माना तिच्याकडे वळायच्या. रडणारी रडायची थांबायची, चावणारी चावायची थांबायची. पाळणाघराच्या मालकीणबाई म्हणायच्या, "हिच्या टाचेला वेगळा पगार द्यायला हवा."

पोरांवर माया तर अशी की विचारू नका. खिमट गरम आहे का ते आपल्या ओठांना लावून बघायची, मग त्याच चमच्याने भरवायची. पोराने टाकलेलं स्वतःच्या तोंडात टाकायची. चोखणी खाली पडली तर नळापर्यंत कोण जातंय? आपणच चोखून साफ करायची आणि पुन्हा पोराच्या तोंडात द्यायची. पोटुशी असतानाही तिने हे सगळं असंच केलं. नववा लागेपर्यंत राबली ती.

मुलगी झाली. गोल गरगरीत, म्हणून गोटी. बसायला उशीर, उभं राहायला उशीर, आणि सव्वा वर्षाची झाली तरी बोलण्याच्या नावाने बोंब. सासूबाई मात्र निवांत होत्या.

"आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात. तुझा नवरा तीन वर्षांचा होईस्तोवर तोंडातून ब्र काढत नव्हता."

"अजून तरी कुठे काढतात?" धप्पामावशी म्हणायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत एकटाच असायचा, त्यामुळे बोलायची सवयच नव्हती त्याला. तो नुसता हसायचा.

पाळणाघराच्याच वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथेही तसल्याच जुन्या फळ्या. मनात पाल चुकचुकली की धप्पामावशी गोटीच्या पाठीमागे टाच आपटायची. गोटी हातातलं सोडून गर्रकन वळायची आणि खुदकन हसायची.

"बघ! ऐकते की!" सासूबाई म्हणायच्या.

"ऐकते की," ती म्हणायची, आणि कामाला लागायची.

मग खाली एका पोराने पडून हनुवटी फोडून घेतली. त्याच्या आईने आकाशपाताळ एक केलं. मालकीणबाईंनी घाबरून खोलीभर जाड, मऊ मॅट अंथरल्या. त्या सकाळी धप्पामावशीने सवयीने टाच आपटली. आवाजच नाही! गादीवर पाय पडावा तसं झालं. ती वैतागून ओरडली, "धप्पा!" सगळी पोरं वळली. आईबरोबर रोज खाली येणारी गोटी मात्र एकटी पाठमोरी बसून ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती.

"गोटे! ए गोटे!"

गोटीने तिसरा ठोकळा ठेवला.

ती जवळ गेली, अगदी कानाशी वाकली आणि ओरडली. बाजूचं पोर दचकून रडायला लागलं. गोटी चौथा ठोकळा शोधत होती. धप्पामावशी तिथेच मॅटवर बसली. पोरगी आजवर ऐकत नव्हती. फळ्यांमधून येणारा हादरा तिला कळत होता, एवढंच.

आता शहाण्या बाईने काय करावं? धावत जाऊन घरच्यांना सांगावं. हिने ब्र काढला नाही. उलट घरी आणखी जोरात टाचा आपटायला लागली. सासूबाई खूश व्हायच्या आणि ही न्हाणीत जाऊन नळ सोडून रडायची. सांगितलं की ते खरं होणार, अशी वेडी समजूत धरून बसली होती.

शेवटी बोलला तो नवरा. जेवताना, मान खाली घालून.

"मी रोज दारातून हाक मारतो. ती कधी बघत नाही. तू पाय आपटलास की बघते."

तिचा घास हातातच राहिला. "कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"तुला कधीपासून?"

सासूबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या आणि प्रथमच त्यांना आपल्या घराण्याचं काही आठवेना.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी गोटीला उलटसुलट तपासलं. मग आईकडे वळल्या.

"पोटुशी असताना ताप आला होता?"

"तिसऱ्या महिन्यात होती जरा कणकण. दोनचार दिवस. घसा धरला होता. कामावर जातच होते मी."

"काम काय करता?"

"पाळणाघरात आहे."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, जन्मल्यावर गोटीच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर टिपून इस्पितळात जपून ठेवलेला असेल, तो तपासून घेऊ. तपासला. त्यात विषाणू सापडला. नाव लांबलचक, सायटोमेगॅलो. धप्पामावशीला ते धड उच्चारताही येईना.

"मोठ्या माणसाला याचा साधा ताप येतो, पुष्कळदा तोही नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "लहान मुलांच्या लाळेत, शूमध्ये तो महिनोन्‌महिने राहतो. गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. सगळ्या बाळांना त्रास होत नाही. काहींना होतो. कानाला होतो, कधी चालण्याला, कधी शिकण्याला. चमचा वेगळा ठेवणं, हात धुणं, एवढ्याने धोका बराच कमी होतो."

"एवढ्याने?" धप्पामावशीचा आवाज चढला. "मग मला कुणी सांगितलं का नाही? महिन्याच्या महिन्याला तपासायला जात होते मी! हे खा, ते खाऊ नका, जड उचलू नका, सगळं सांगितलं. हे एवढं सांगायला कुणाची जीभ झडली होती?"

"पुष्कळ जणींना कुणीच सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नाही. "आता दोष कुणाचा, ते राहू द्या. कान तपासून घ्या आधी. भाषा रुजायची वर्षं हीच. ऐकू येत नसेल तर यंत्र आहे, ऑपरेशन आहे, हातांच्या खुणांची भाषा आहे. पण जितका उशीर कराल तितकं अवघड."

घरी सासूबाई तणतणल्या, "पोरांचं उष्टं खाऊन आजवर कुणाचं काही वाकडं झालंय का?" बोलून गेल्या, आणि गोटीकडे बघून तोंडाला पदर लावून बसल्या. धप्पामावशी मनातल्या मनात पोरांचे चेहरे आठवत होती. कुणाची चोखणी? कुणाचा चमचा? ज्याचा असेल ते पोर आता शाळेत जात असेल, गाणी म्हणत असेल. त्याचा राग तरी कसा करायचा? मुका घेतला होता तिने त्याचा.

कान तपासायची खोली जाड गाद्या लावल्यासारखी होती, बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही बाजूंना स्पीकर आणि त्यांच्याखाली काळ्या काचेच्या पेट्या. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे बसल्या. आवाज आला आणि गोटी त्या बाजूला वळली, की पेटीत दिवा लागणार आणि आतलं खेळण्यातलं अस्वल ढोल वाजवणार. नवरा बाहेर बाकावर थांबला.

"मांडीवर घेऊन नुसत्या बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही काही करायचं नाही."

डावीकडून आवाज आला. धप्पामावशीचा डावा गुडघा हलला. मुद्दाम? देव जाणे. गोटी डावीकडे वळली, दिवा लागला, अस्वलाने ढोल बडवला. गोटी हरखली. मग उजवीकडून आवाज आला, आणि या वेळी उजवा गुडघा तिने मुद्दामच हलवला. गोटी वळली. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. गोटी पास होत होती आणि आईला दरदरून घाम फुटला होता. आपण पोरीचं वाटोळं करतोय हे तिला कळत होतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं कानात वाजत होतं. तरी गुडघा थांबेना. एकदा कुणीतरी म्हणू दे, ऐकते की!

दार उघडून तपासणाऱ्या बाई आत आल्या. हातात मोठाले हेडफोन होते.

"हे घाला. सगळ्याच आयांना घालते मी, आज आधीच द्यायला हवे होते." रागावल्या नाहीत त्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कानांत संगीत सुरू झालं आणि धप्पामावशीला खोलीतलं काही कळेनासं झालं. आता आवाज कधी येतोय, कुठून येतोय, काही पत्ता नाही. गोटी वाट बघत होती. पेट्या काळ्याच राहिल्या. थोड्या वेळाने गोटीने खाली बघितलं आणि इवल्या हाताने आईचा डावा गुडघा थोपटला. मग उजवा. मग वर मान करून आईच्या तोंडाकडे बघितलं, हलव ना, असं.

धप्पामावशीने हेडफोन ओरबाडून काढले. आणि ती दचकली. खोलीत केवढा तरी आवाज घुमत होता, दात शिवशिवतील असा. तिने दोन्ही हात कानांवर दाबले. मांडीवर गोटी शांतपणे गुडघा थोपटत होती.

आवाज बंद झाला.

"आधीचं सगळं पुसून टाका," काचेकडे बघून धप्पामावशी म्हणाली. "ते मी करत होते. तिला काहीच येत नाही ऐकू."

बाहेर नवरा बाकावरून उठला.

"रोज मांडीवर घेऊन गाते ना हो मी तिला," ती म्हणाली, "तिने एकदासुद्धा ऐकलं नाही. पोटात होती तेव्हाही नसेल."

नवऱ्याने गोटीला आपल्याकडे घेतलं. आयुष्यात प्रथमच त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तो बोललाही, तिच्या केसांत तोंड खुपसून बराच वेळ, आणि गोटी त्याच्या शर्टाचं बटण ओढत राहिली.