शालूबाईचे ठोकळे

शालूबाईनं ठोकळ्यांचा डाव काढला आणि त्यापायी मार खाल्ला. पहिल्या खेपेला नाथाजीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सगळे ठोकळे चुलीत घातले आणि त्यातलंच जळतं लाकूड तिच्या पाठीला लावलं. ती किंचाळली, पाठीला खोबरेल चोपडलं आणि आठ दिवसांनी नवे ठोकळे कापायला बसली. बाई जात्याच हट्टी.

नाथाजी कुपवाडला खोकी बनवायच्या कारखान्यात होता. तिथले आंब्याच्या लाकडाचे तुकडे जळणाला घरी यायचे. शालूबाई त्यातून एकसारखे ठोकळे कापायची आणि तापल्या सळईनं सहाही बाजूंना अक्षरं डागायची, काना-वेलांटीसकट. सोळा ठोकळे मापट्यात खुळखुळवायचे, परातीत उपडे करायचे आणि वर दिसतील त्या अक्षरांचा शब्द जुळवायचा. जो आधी मोठ्यानं म्हणेल, शब्द त्याचा. सातवी शिकलेल्या बाईनं हे सगळं स्वतःच्या डोक्यानं काढलं होतं. दुपारी आळीतल्या बाया कामं टाकून खेळायला यायच्या.

ही गोष्ट सांगलीच्या आप्पासोंच्या कानावर गेली. त्यांचं खेळण्यांचं दुकान. चौऱ्याहत्तर सालच्या एका रविवारी सकाळी ते डाव बघायला घरी आले. आणि ज्यानं ठोकळे जाळले, तोच नाथाजी छाती काढून म्हणाला, "आवं, म्याच काढलाय ह्यो डाव. हिला काय कळतंय?"

शालूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंड उघडलं तर दात हातात येतील, हे तिला पक्कं माहीत होतं.

आप्पासो मुरलेला व्यापारी. ते म्हणाले, "मग दोघं खेळा की माझ्याम्होरं. एकच डाव. जिंकंल त्येचं नाव डब्यावर छापतो."

ठोकळे परातीत पडले. शालूबाईनं पाहिलं. ना, था, जी. दुसरा शब्द काही केल्या जुळेना. लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं ते फक्त उखाण्यात. परक्या पुरुषासमोर ते नुसतं घेणं म्हणजे चारचौघांत त्याचं पागोटं उडवणं. समोर नाथाजी ओठ हलवत एकेक अक्षर चाचपडत होता. 'ना'वर आला, 'था'वर आला.

"नाथाजी!" शालूबाई ओरडली.

त्यानं कोपऱ्यातली हातोडी उचलली आणि परातीवरच्या तिच्या डाव्या हातावर घातली. बोटं मोडल्याचा आवाज आप्पासोंनीही ऐकला. दुसरा घाव डोक्यात बसायच्या आत शालूबाईनं उजव्या हातानं परात उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. नाक फुटलं. तो उठू लागला, तिनं पुन्हा हाणली. मग ती थांबेचना. बारा वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं तिला बरं वाटत होतं.

आप्पासोंनी तिला कसंबसं मागं ओढलं. नाथाजी भिंतीशी बसून रक्त थुंकत होता. आप्पासोंनी तिच्या बोटांना आपला रुमाल गुंडाळला.

"डाव तुमचाच, वहिनी. चला, आदी दवाखान्यात."

"आदी नाव लिवून घ्या," ती म्हणाली.

त्यांनी खिशातली वही काढली. "शालूबाई नाथाजी..."

"नुसतं शालूबाई लिवा."

"आन् पुढं?"

शालूबाईनं भिंतीकडं पाहिलं.

"पुढं कुणी न्हाई."