आठ-नऊच्या पान्याची रिकामी खाच

टण्ण! कुंपणापलीकडच्या घरात कुणाच्या तरी हातून पातेल्यावरचं झाकण सुटलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि दमून आडवं पडलं. दुपारची वेळ होती. शाळेला सुट्टी, बाग रिकामी, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. त्या एवढ्याशा आवाजाने माझा सगळा पत्रा शहारला. काहीतरी धातूचं पडलं, की ते सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

मित्रांनो, या बागेत सिमेंटच्या खांबावर नाक वर करून बसवलेलं जुनं विमान म्हणजे मी. तुम्ही माझ्या सावलीत लपंडाव खेळता, ते मला आवडतं. पण मी लढाऊ विमान नाही हं. उगाच तोंडाने धडाधड गोळ्या झाडू नका. मी शिकवणारं जेट. पुढे शिकणाऱ्याची खुर्ची, मागे शिकवणाऱ्याची. दोघांच्या गुडघ्यांमध्ये एकेक दांडा, आणि दोन्ही दांडे खालून एकाच सळईला जोडलेले. पुढचा हलला की मागचा हलतो. मागचा अडला की पुढचाही अडतो. एवढं लक्षात ठेवा, कारण माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे. हो, राग. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मला उसासा येत नाही, संताप येतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेजारी माझी भावंडं ओळीने उभी होती. मग आमची पांगापांग झाली. एक बर्फाच्या देशात गेलं. तिथे उडण्याआधी त्याचे पंख खरवडून काढावे लागतात. दोन वाळवंटात गेली, त्यांच्या नाकातोंडात वाळू. एक समुद्रातल्या बेटावर गेलं, ते खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात म्हातारं दिसू लागलं. सात देशांच्या हवाई दलांत आम्ही भावंडं. प्रत्येकाच्या शेपटीवर वेगळा रंग, कॉकपिटमध्ये वेगळी भाषा. पण पहिल्यांदा उलटं उडताना शिकणारी पोरं सगळीकडे सारखीच किंचाळतात. त्याला भाषांतर लागत नाही.

मी कुठेच गेलो नाही. मला कारखान्याशेजारच्या शाळेतच ठेवून घेतलं आणि मी मन लावून शिकवलं. माझ्या चाकांवर पोरांनी आदळआपट केली, पुढच्या खुर्चीत कितीजणांनी ओकाऱ्या काढल्या. मी हूं की चूं केलं नाही. शिकवणाऱ्याने एवढं सोसायचंच असतं.

माझी देखभाल करायची एक ताई. हँगरमध्ये सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून दुप्पट वयाचेसुद्धा. तिचा हत्यारांचा ट्रे मोठा देखणा होता. काळ्या जाड फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली. पक्कड पक्कडीच्या खाचेत, पाना पान्याच्या खाचेत, प्रत्येकावर नंबर कोरलेला. काम संपलं की ताई खाचांवरून बोट फिरवत मोजायची, अंगणात खेळून परत आलेली पोरं मोजावीत तशी. सगळ्या खाचा भरलेल्या दिसल्या तरच सही. एक जरी खाच रिकामी दिसली, तरी विमान जमिनीवरच. मग साहेब येवो नाहीतर साहेबांचा साहेब. हा आमच्या जगातला सगळ्यात शहाणा नियम आहे.

त्या वर्षी एक मुलगी शिकायला आली. इतकी उंच, की तिला पायऱ्या लावायची गरजच नाही असं पोरं म्हणायची. ती दिसली की, “शिडी आली रे, शिडी हटवा!” असा गलका. तीही कमी नव्हती. म्हणायची, “हसा. तुम्हाला वर चढायला शेवटी शिडीच लागणार.” हात मात्र लोण्यासारखा. ती दांडा धरायची तेव्हा मला वाटायचं, हिला मी काय शिकवणार, हीच मला उडवून दाखवतेय.

एकदा तीन देशांचे पाहुणे आम्हाला बघायला येणार होते. पसंत पडलो तर आणखी भावंडं बनणार, आणखी तीन हवाई दलांत जाणार. शिकाऊ मुलगीसुद्धा हे विमान एकटीने उडवते हे दाखवायचं म्हणून शिडीला निवडलं. आदल्या दिवशी पाचच्या सुमारास ताई माझ्या मागच्या कॉकपिटमध्ये वाकून काम करत होती. तेवढ्यात पाळणाघरातून निरोप आला: पोरीला ताप चढलाय, लवकर या. पोरगी जेमतेम वर्षाची. ताईने हातातला पाना, एका टोकाला आठचा नि दुसऱ्याला नऊचा, खुर्चीच्या कडेला टेकवला आणि फोन करायला खाली धावली. पाना घसरला. खुर्चीखाली, पार आत. मला तो लागला, मित्रांनो. पोटात खडा टोचावा तसा.

साडेपाचला ताईने ट्रे मोजायला घेतला आणि तिचं बोट थांबलं. आठ-नऊच्या पान्याची खाच रिकामी.

“साहेब, पाना आत राहिलाय. मागची खुर्ची काढावी लागेल,” ती हँगरप्रमुखाला म्हणाली.

“खुर्ची काढायला सहा तास लागतात. उद्या पाहुण्यांसमोर विमानाचं पोट फाडून बसू? पान्याला काय पाय फुटले?”

“पाय नाहीत म्हणूनच तो आत असणार.”

तो हसलासुद्धा नाही. स्टोअरमध्ये गेला, कोरा करकरीत आठ-नऊचा पाना घेऊन आला, त्यावर तोच नंबर कोरला आणि खाचेत दाबून बसवला.

“घे. आता मोज.”

“मोजायचं काय? हा तो नव्हे.”

“पाना तो पाना! त्याला काय जन्मदाखला असतो? पाळणाघर सहाला बंद होतं ना तुझं? पोरगी तापलीय म्हणे. कर सही आणि पळ.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. सही केली आणि पळाली.

मला ओरडता आलं असतं तर त्या रात्री हँगरचं छप्पर उडालं असतं.

सकाळी शिडी मला घेऊन वर गेली. मागची खुर्ची रिकामी. पहिलं वळण झकास झालं. दुसऱ्याला तिने मला तिरपं करून खाली झोकलं आणि पाना सरकत सरकत मागच्या दांड्याच्या मुळाशी जाऊन बसला. तिने दांडा ओढला. दांडा अर्ध्यावर अडला. जमीन वर येत होती. ओढू नकोस, मी मनातल्या मनात आकांत करत होतो. तिने माझं ऐकलं असेल का? कोण जाणे. जमीन समोर दिसत असताना तिने दांडा उलट पुढे ढकलला, मला एका अंगावर कलंडवलं, पाना सुटला आणि मग तिने सगळा जीव लावून ओढलं. धावपट्टीच्या कडेचं गवत माझ्या पोटाला लागलं. उतरताना पुढचं चाक मोडलं. पण ती धडपणे, स्वतःच्या पायांनी उतरली. म्हणाली एवढंच, “दांडा अडला होता.”

सगळ्यात आधी माझ्यावर कोण चढलं सांगू? हँगरप्रमुख. “मी तपासतो,” म्हणत त्याने मागच्या खुर्चीखाली हात घातला, पाना काढला आणि खिशात टाकला. पाहुणे तिकडे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, कसरतच होती ती!

चौकशी बसली. आत काही सापडलं नाही. ट्रे भरलेला. ताईला विचारलं, “हत्यारं पूर्ण होती?”

ताई खाली बघत म्हणाली, “माझी सही आहे त्यावर.”

झालं. कागदावर आलं: विमान निर्दोष, शिकाऊ वैमानिक घाबरली. जिने मला वाचवलं, ती घाबरली! तिला शाळेतून काढून टाकलं. जाताना शिडी माझ्यापाशी आली, माझ्या मोडक्या नाकावर थाप मारली आणि म्हणाली, “तू तरी सांग की रे.” मला काय सांगता येणार? माझं तोंड म्हणजे नुसती हवा ओढायची भोकं.

मी ताईवरही रागावलो. खूप रागावलो. पण तापलेलं लेकरू एका पारड्यात आणि हरवलेला पाना दुसऱ्या पारड्यात टाकून, ‘निवड’ म्हणत जो घड्याळ दाखवतो, त्याच्यावरचा माझा राग अजून गंजलेला नाही. माझा पत्रा गंजला, तो नाही. हँगरप्रमुखाला बढती मिळाली. पाहुण्यांना आम्ही पसंत पडलो. आज त्या तीन हवाई दलांतही माझी धाकटी भावंडं उडतात आणि त्यांच्यासोबत गेलेल्या कागदांत ती सकाळ ‘निर्दोष’ म्हणून लिहिलेली आहे. तिथल्या ट्रेमधल्या खाचा कोण मोजत असेल, कशा मोजत असेल, या विचाराने माझं काळीज लकलकतं.

पुढे मला नवं चाक बसवलं, चार वर्षं आणखी राबवलं, आणि मग इथे खांबावर टांगलं. पोटात कबुतरं राहतात. खाली पाटी लावली आहे: ‘याने शेकडो वैमानिक घडवले.’ शेकडो! एकीचं काय झालं ते पाटीवर नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, कबुतरं हाकला, ते सगळं नंतर. माझं एकच मागणं आहे. तुमच्या हातून काही हरवलं, चुकलं, तर रिकामी खाच रिकामीच दिसू द्या. दुसरं काही कोंबून ती भरू नका, आणि भरायला लावणाऱ्याचं ऐकू नका. रिकाम्या खाचेने कुणाचा जीव जात नाही. खोटी भरलेली खाच मात्र घात करते.

गेल्या आठवड्यात ताई आली होती. केस पिकायला लागलेत. सोबत लेक, आठ-नऊ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. लेकीने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, “शेकडो म्हणजे सगळेच पास झाले?”

ताई पाटीजवळ आली. मग माझ्या खालच्या कट्ट्यावर बसली आणि तिने लेकीला सगळं सांगितलं. पाना, नवा पाना, सही, शिडी. पाळणाघराचं आणि तापाचं तेवढं सांगितलं नाही. इतक्या वर्षांत हे कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी ती म्हणाली, “मी आता चौकशी करणाऱ्यांना तसं लिहून पाठवणार आहे. नाव घालून, सहीसकट.”

लेक पाय हलवत विचार करत होती.

“पण आई, तुला माहीत होतं ना तो खोटा पाना आहे?”

“होतं.”

“मग का केलीस सही?”

ताईने तिच्या केसांवरून हात फिरवला.

“सांग ना, आई. एवढी कसली घाई होती तुला?”