पट्टा वला हाय

गाडीतलं आपल्याला सगळं समजते, असं रविकांतचं ठाम मत होतं. गावात दुसऱ्या कोणाचं तसं मत नव्हतं, पण रविकांतनं कधी कोणाला विचारलंच नाही, हा त्याचा स्वभाव.

सोमवारी अकरा वाजता त्याच्या बायकोची, सुनयनाची, उटनूरला मुलाखत होती. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात वॉर्डनची जागा. अटी दोनच: वय पस्तिसाच्या आत आणि तेलुगू वाचता आलं पाहिजे. सुनयना शिकली भीमपूरकडच्या मराठी शाळेत. पण बाई जिद्दीची! दोन वर्षं बिस्किटाच्या पुड्यांवरचं, बसच्या पाट्यांवरचं, औषधाच्या बाटल्यांवरचं वाचून तिनं एकेक अक्षर जमवलं. येत्या गुरुवारी तिला पस्तीस पूर्ण होत होती. म्हणजे ही जागा हुकली की विषयच संपला.

"सकाळी सातची बस हाय. थेच्यानं जाऊ," ती म्हणाली.

"बसनं काऊन? दारात गाडी असून माही बायको बसमधे लोंबकळत जाईन? लोक काय म्हणतीन!"

ती गाडी मात्र आठ दिवसांपासून कुरकुरत होती. चालू केली की बॉनेटखालून चीं करून किंचाळायची, आणि उभी राहील तिथं हिरवं पाणी सांडून ठेवायची. म्हणून रविवारी सकाळीच रविकांतनं अंगणात पान्यांचा पसारा मांडला. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता, तो बाहेर ओढला. पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला हिरवे डाग.

"रेडिएटर फुटला," त्यानं निकाल दिला. "आन् पंख्याचा पट्टा झाला ढिला, म्हणून वरडते."

सुनयना चहा घेऊन आली होती. ती वाकली, पट्ट्याला बोट लावलं आणि बोट त्याच्यासमोर धरलं. बोट हिरवं झालं होतं. "अवो, पट्टा वला हाय. पानी थेच्यावरच पडून राह्यलं. वला झाला म्हणून घसरत असन. पानी येते कुठून, ते पाहा ना आधी."

"पट्ट्याचं दुखणं अलग, पान्याचं अलग," रविकांत खेकसला. "तू तुहं तेलुगू पाहा. इथं डोकं नको लावू."

ती गप घरात गेली. बरोबर बोलणाऱ्या माणसाला गप बसवायला किती थोडकं लागते, पाहा!

मग साहेबांचे उपचार सुरू झाले. पट्ट्यावर साबणाची कोरडी वडी घासली. पान्याला लोखंडी पाइप अडकवून पट्टा असा ताणला की बोटानं दाबला तर तसूभर हलेना. राहिलं पाणी. पूर्वी गावातला नागनाथ लॉरीवर होता, तो सांगायचा, रेडिएटर गळला तर हळद टाकायची, भोकं बुजतात. रविकांतनं स्वयंपाकघरातून हळदीचा डबाच उचलून आणला आणि थंड रेडिएटरमधे मूठ-मूठ सोडली.

"जखमेवर हळद लावतेत," दारातून सुनयना म्हणाली. "थेच्या पोटात कायले?"

"गुण येते, पाह्यजो."

आणि आला की गुण! संध्याकाळी गाडी ना किंचाळली, ना गळली. रविकांतची छाती फुगली. सोमवारी सातची बस फाट्यावर हॉर्न वाजवत निघून गेली, तेव्हा त्यानं आरशात पाहून भांग पाडला. सुनयनानं मात्र त्या हॉर्नकडं मान वळवून पाहिलं. तेही त्याला दिसलं.

आदिलाबाद मागं पडलं, गुडीहतनूर मागं पडलं. मग इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यानं मान वर करायला सुरुवात केली आणि बॉनेटमधून वाफ आली. गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात मागून उटनूरची बस. सुनयनानं हात वर केला.

"बस, पाचच मिनिटं!" रविकांतनं तिचा हात खाली केला. "थंडी झाली का निघू."

बस गेली. गाडी थंड व्हायला अर्धा तास लागला. आणखी काही मैल ओढत नेली, तर बॉनेटखाली कड्कड् झालं आणि गाडी थांबली ती थांबलीच. वाफ विरल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. पट्टा तुटून लोंबत होता. त्यामागं पाण्याच्या पंपाची चकती. त्यानं धरली तर हातात लटपट लटपट हलली, आणि तिच्या बुडातून पिवळं पाणी ठिबकलं, थेट पट्ट्याच्या वाटेवर. रेडिएटर फुटलाच नव्हता! गळत होता पंप, त्याच पाण्यानं पट्टा घसरत होता. दोन दुखणी नव्हतीच. एकच होतं, आणि बायकोनं बोट लावून ते दाखवलं होतं. वरून पट्टा ताणून त्यानं आजारी पंपाचा जीव घेतला होता, आणि रेडिएटरच्या नळ्यांत हळदीचा लगदा भरला होता. रविकांतला वाटलं, भुईनं आपल्याला आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं.

दोन ट्रक न थांबता गेले. एक जीप गेली, माणसं टपावर बसलेली. अकरा वाजले. साडेअकरा. सुनयनानं संस्थेत फोन लावला, तेलुगूत बोलली, सावकाश, एकही शब्द न चुकता. पलीकडचा बाप्या मोठ्यानं बोलत होता, ते रविकांतलाही ऐकू आलं. "अयिपोयिंदम्मा." कापूस बाजारात रोज कानावर पडणारा शब्द. संपलं, बाई.

ती रडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं. ती कागदांची पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडापाशी जाऊन बसली. दगडाच्या त्या अंगाला नुसती तेलुगू अक्षरं होती. हिरवट डाग अजून न गेलेलं बोट तिनं त्यांच्यावरून फिरवलं.

"उ... ट्नू... रु," ती वाचत गेली. "बावीस." मग त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "बराबर वाचलं ना वो मी?"

रविकांत उघड्या बॉनेटपाशी उभा राहिला. त्याला तेलुगू वाचता येत नव्हतं.