शरयूमावशींच्या कर्जाचा अर्ज

सुज्ञ वाचकहो, आपल्याच समाजातील एका घातक चालीने एका कष्टाळू विधवेच्या डोक्यावरील छप्पर कसे हिरावून घेतले, त्याची हकीकत मी आज जड अंतःकरणाने सादर करीत आहे. ही चाल कोणत्याही पोथीत सांगितलेली नाही. ती आपल्या दिवाणखान्यात, हसतमुखाने पाळली जाते.

सन १९८७च्या मार्चमधील मंगळवार. मॅसॅच्युसेट्समधील श्रूजबरी गावी अंगणातला बर्फ अर्धामुर्धा वितळला होता. शरयूमावशी स्वयंपाकघरात तीन घरच्या चार लेकरांना वरणभात भरवीत होत्या. पती श्रीराम निवर्तल्यापासून सहा वर्षे अशीच मुले सांभाळून त्यांनी संसार चालविला व कन्या विनीता हिला कॉलेजात पोहोचविले. दर महिनाअखेर प्रत्येक घरून पैशांचे पाकीट येई. वर लिहिलेले असे, "मावशींना, सप्रेम."

घर मात्र श्रीराम व त्यांचे बंधू चारुदत्त यांच्या नावे घेतलेले होते. आता चारुदत्तांचा कॅलिफोर्नियातील सांता क्लाराहून फोन आला.

"वहिनी, मला माझा हिस्सा मोकळा करायचाय. तुम्ही घ्या, नाहीतर मे महिन्यात घर सेलला काढतो."

हिस्सा घ्यावयाचा तर कर्ज हवे. बँकेने पगाराचा पुरावा मागितला, तो नव्हता. कर्ज मिळवून देणाऱ्या एका ब्रोकरने फोनवरच नकार दिला. दुसरा म्हणाला, "मिस्टरांना पाठवा." अखेर वुस्टरच्या मिसेस डॉयल नामक वयस्क ब्रोकरबाईंनी अर्ज हाती घेतला. विनीता दुभाषी झाली.

"असली वेगळी प्रकरणं घेणारे लोक आहेत माझ्या ओळखीत," बाई म्हणाल्या. "या कमाईवर न भरलेला मागचा टॅक्सही हप्त्यांनी भरता येईल. फक्त तिन्ही घरांची पत्रं आणा. ही आमच्याकडे काम करते, आम्ही तिला इतके देतो. बस."

"दॅट्स ऑल? आई, धिस इज ईझी!"

त्याच सायंकाळी मावशी त्या तिघांपैकी डॉक्टर नरेंद्र यांच्या घरी गेल्या.

"अय्या मावशी, पगार काय म्हणता!" डॉक्टरांच्या पत्नी मृणालिनी हसल्या. "तुम्ही काय बेबीसिटर आहात का? तुम्ही तर आमच्या घरच्या!"

"घरचीच गं. पण त्या बाईंना तसं लिहून हवंय."

"लिहिलं की टॅक्सवाले मलाच धरणार यार," डॉक्टर पुटपुटले. "इतकी वर्षं दाखवलं का नाही म्हणून."

"तुम्ही गप्प बसा हो. मावशी, टेन्शन घेऊ नका. मस्त लेटर टाइप करते. बाकीच्या दोघांच्या सह्यासुद्धा मीच आणते."

ज्यांची लेकरे आपणास मावशी म्हणतात, त्यांच्यापाशी मजुरीचा शब्द पुन्हा काढण्यास मावशींची जीभ रेटेना. त्या चहा घेऊन परतल्या.

तीन बंद पाकिटे मिसेस डॉयल यांच्या टेबलावर उघडली गेली. विनीता आईला मराठीत सांगू लागली, "शरयू या आमच्या कुटुंबातल्या ज्येष्ठ आहेत. मुलांना त्या निव्वळ प्रेमानं सांभाळतात. त्यांनी कधीही मोबदला..." तिने उरलेली दोन पत्रे उलटून पाहिली.

तिन्ही पत्रांत तोच मजकूर होता.

मिसेस डॉयल यांनी चष्मा काढला. "यात लिहिलंय, ही बाई काहीच कमवत नाही. आता हा अर्ज मी कुठेच पाठवू शकत नाही."

"दे आर लायिंग!"

"मग खरी पत्रं आण, बाळ."

"राहू दे, विनू," मावशी म्हणाल्या. "पुन्हा मागायला गेले तर मुलं पाठवायची बंद करतील."

जूनमध्ये घर विकले गेले. भाड्याच्या जागेत मुले सांभाळण्यास कोणी मालक परवानगी देईना. चारुदत्त फोनवर म्हणाले, "वहिनी, इकडेच या. नातवंडं आहेत, तुमचाही वेळ जाईल." मावशी सांता क्लाराला राहावयास गेल्या.

वाचकहो, तिसऱ्या पत्राखालील सही माझी होती. माझी नात मावशींच्या हातचे जेवून मोठी झाली. मृणालिनीताई कागद घेऊन माझ्या किराणा दुकानात आल्या, आणि मी उभ्या उभ्या सही केली. मला इंग्रजी नीट वाचता येत नाही, ही सबब मी आजवर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली. ते पत्र मी कोणाकडूनही वाचून घेऊ शकलो असतो.

आपल्या घरीही कोणी मावशी येत असेल. तिच्या श्रमास आज पगार म्हणा, आणि तो तिच्या हाती लिहून द्या. इतके वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

श्रीरंग केशव बिवलकर, श्रूजबरी