जन्माआधी घडवलेला डबा

जन्माच्या आधी बाळासाठी साधं टोपडंसुद्धा आणायचं नाही, हे पिरोत गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि स्तामेंकाने तर चक्क तांब्याचा डबा घडवायला टाकला होता. लेक यागोदा तिकडे ऑस्ट्रियात, सातवा महिना. नातवंड मोठं झालं की द्राक्षांच्या मांडवाखालून तो डबा उकरून काढेल, आत घरातल्या चार वस्तू सापडतील, असा तिचा बेत. परक्या मुलखात वाढलेल्या पोराला आपली अक्षरं वाचता येतील की नाही, देव जाणे. म्हणून डब्यानेच बोलावं, हा हट्ट. त्या हट्टापायी बाईला बसवत नव्हतं की झोपवत नव्हतं. उठली की निघाली सोतिर तांबटाकडे.

"काल झाकण सपाट हवं होतं," सोतिर वैतागून म्हणाला. "आज काय नवं सोंग?"

"घंटेसारखं कर, सोतिरकाका. बाबांच्या मेंढ्यांच्या घंटा तू पाहिल्यास ना? आणि अंग उभट हवं, आजीच्या कॉफीच्या चक्कीसारखं. बाजूने कासवाची नक्षी, आपल्या गालिच्यावर असते तशी."

"भरणार काय यात?"

"राकिया."

"एवढीशी दारू? तुझ्या नवऱ्याची तर जीभही ओली व्हायची नाही." सोतिर काय समजायचं ते समजला आणि मुकाट्याने ठोकत राहिला.

पुढच्याच आठवड्यात जावयाचा फोन आला. यागोदाला रक्तस्राव झाला होता, इस्पितळात ठेवलं होतं, अंथरुणातून हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. स्तामेंका स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं, तिचं लक्षच नव्हतं. हे आपणच ओढवून घेतलं, दुसऱ्या कुणी नाही. शेवटी तिला राहवेना. तिने लेकीला फोन लावला आणि डब्याचं सगळं सांगून टाकलं.

यागोदा शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. आईच्या असल्या समजुतींची तिने आयुष्यभर टर उडवली होती. आताही ती हसेल आणि आपलं ओझं उतरेल, एवढीच स्तामेंकाची आशा होती. पण यागोदा हसली नाही.

"मोडून टाक, आई."

"अगं, तूच तर म्हणायचीस..."

"काय म्हणायचे ते राहू दे. आत्ताच्या आत्ता मोड."

स्तामेंका दुकानात पोचली तेव्हा सोतिर डबा राखेने घासून चकचकीत करत होता. सुरेख उतरला होता. तिने हातोडी मागितली.

"माझ्याच्याने नाही व्हायचं," सोतिर म्हणाला. "तुझ्याच्याने होत असेल तर घे."

तिने घेतली. आधी झाकण चेपलं, मग अंग. कासव दिसेनासं होईपर्यंत ती ठोकत राहिली. सोतिर तोंड फिरवून बसला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"मोडलास?"

"मोडला. तू कशी आहेस?"

"सकाळपासून बाळ हललं नाहीये." यागोदा म्हणाली. "डॉक्टर ठोके आहेत म्हणतात, वाट बघू म्हणतात. आई, मला फार भीती वाटतेय. काहीतरी बोल. कसा होता डबा?"

"माझ्या आजीच्या चक्कीसारखा होता," स्तामेंका म्हणाली.

"कुठली चक्की?"

"पितळी गं. लढाईच्या दिवसांत कॉफी मिळेना, तर आजी तिच्यात भाजलेले जव दळायची. शेजारणींना वर म्हणायची, कॉफीच आहे ही, तुमच्याच जिभा मेल्यात."

यागोदा हसली आणि एकदम थांबली. स्तामेंकाही बोलायची थांबली.

"थांबलीस का?" यागोदा अगदी हळू म्हणाली. "बोलत राहा, आई. हलतंय."