खेकडा खाली बसेपर्यंत

"ह्यो त काल हारला होता ना?" बाबांनी काचेच्या टाकीवर बोट ठेवलं.

टाकीत दोन खेकडे होते. लहान खेकडा काल मोठ्याचा मार खाऊन कौलाच्या तुकड्याखाली दडला होता. आज मी त्याच्या मागच्या पायाच्या सांध्यात सेरोटोनिनची बारीक सुई दिली होती. आता तो पायांच्या टोकांवर उंच उभा राहून, नांग्या पसरून मोठ्याच्या अंगावर चालला होता.

"हो. पन आज त्याले मांगं सरता येत नाही."

"काहून?"

"सुईनं. त्याच्या अंगात ते असतेच बाबा, आपल्यासारखं. वाढलं की रक्तात साखर चढते, अंग असं ताठ होते. मंग तो हटत नाही."

मोठ्याने त्याचा एक पाय मोडला. तरी तो हटला नाही.

बाबा, म्हणजे भगवंतराव, बाळापूरकडच्या कालव्यावर चौकीदार होते. नोकरीभर त्यांनी खेकड्यांची बिळं बुजवली. बीळ राहिलं की पाणी झिरपतं, आणि मग पाट फुटतो. ओल्या काळ्या मातीत गवत कालवायचं, बिळात भरायचं, टाचेने दाबायचं. त्यांची मुलगी, म्हणजे मी, अमरावतीच्या कॉलेजात खेकड्यांवर संशोधन करते, याची त्यांना गंमत वाटे. "मी मारले, तू पोसून राहिली," असं ते आल्यागेल्याला सांगत.

आई उन्हाळ्यात गेली. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रडले नाहीत. ताटातलं अन्न ताटातच वाळायचं. मी त्यांना माझ्याकडे अमरावतीला आणलं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि समजावलं, यानं मेंदूतलं सेरोटोनिन टिकून राहील. तो अवघड शब्द बाबांनी लक्षात ठेवला. पाऊस सरत आला तसे ते जेवू लागले. एकदा टीव्हीसमोर हसले. हसले, आणि उठून आत निघून गेले.

"मले देतं ते याच्यातलंच हाय ना?" टाकीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"तसंच. पन गोयी म्हंजे सुई नाही, बाबा."

"त्या दिवशी मी हासलो. ते मी हासलो का गोयीनं हासवलं?"

मी घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली.

"तुह्या मायचं वरीस नाही झालं," ते म्हणाले. "मले भूक लागते, झोप लागते. रडू तेवढं येत नाही. नवमीले तिच्या पानासमोर असाच कोरडा बसू काय मी?"

नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान आमच्याकडे पितृपक्षातल्या नवमीला वाढतात, सवाष्ण जेवू घालतात. नवमी जवळ आली होती.

ते स्टुलावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने लहान खेकड्याचे पाय वाकले, नांग्या मिटल्या. उरलेल्या पायांनी सरकत तो कौलाखाली गेला.

"उतरलं," बाबा म्हणाले, आणि टोपी घालून उठले.

नवमीला आम्ही बाळापूरच्या घरी होतो. सकाळी मी दिलेली गोळी त्यांनी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. नंतर धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या खिशात तीच गोळी चिकटलेली सापडली, कडा विरघळलेली. त्यांनी खेकड्याचा हिशेब स्वतःला लावला होता. सकाळी चुकवली की दुपारपर्यंत उतरेल.

ती गोळी अशी उतरत नाही. रक्तात कितीतरी दिवस रेंगाळते. माझी भीती वेगळी होती. एकदा सोडली की परत घेतील का? परत भिंतीकडे तोंड करतील का? गोळी मुठीत धरून मी मागच्या दारात गेले. ते आईच्या पानातल्या भाजीसाठी गंगाफळ चिरत होते. सालं एका बाजूला नीट रचलेली होती.

मी परत फिरले.

सवाष्ण म्हणून शेजारच्या बेबीताई आल्या. आईचं पान मांडलं, आणि समोर आम्ही बसलो. बेबीताईंनी कढीचा घोट घेतला.

"प्रोफेसरीनबाई, कढीत मीठ टाकाचं राहिलं वाटते. कालेजात हे शिकवत नाहीत काय व?"

"मीच सांगतलं तिले," बाबा म्हणाले. "हिच्या मायच्या हातची अशीच राहे. मी वरून घेत जाओ, गुपचूप. तिले समजू नाही देल्लं कधी."

"समजे तिले, भाऊ." बेबीताई पोळी मोडत म्हणाल्या. "तुमचं बीपी निघालं तवापासून कमी टाके ते. मले म्हने, वरून घेतातच, म्हनून मी अजून कमी टाकतो."

बाबांचा हात मिठाच्या वाटीवर होता. त्यांनी वाटी दूर सारली. कढी तशीच उचलून प्यायले. मग खांदे हलू लागले. तोंडातला घास तसाच धरून ते रडले, आवाज करून, बराच वेळ. सवाष्णीला पानावरून उठता येत नाही. बेबीताई मान खाली घालून जेवत राहिल्या.

कालपर्यंतच्या सगळ्या गोळ्या त्या वेळी त्यांच्या रक्तात होत्या. मी ते सांगितलं नाही.

दिवेलागणीला ते ओट्यावर येऊन बसले आणि माझ्यासमोर हात धरला.

"आन आता ते."

तळहातावर कढीची हळद अजून होती. मी खिशात सापडलेली ती कडा विरघळलेली गोळी त्यावर ठेवली. त्यांनी ती ओळखली.

मग पाणी मागितलं.