हौद्यातला नमस्कार

१९५८ची गोष्ट. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या उपेंद्रला प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायची खोड होती. बसवनगुडीच्या तालमीत बेळगावकडचे कल्लाप्पा वस्ताद आणि दातांचे चिनी डॉक्टर चेन कित्येक वर्षं रोज सकाळी एकमेकांना लोळवत होते, आणि त्यातून कुस्तीचं तिसरंच काहीतरी तयार झालं होतं. त्यातलं चिनी कुठलं नि आपलं कुठलं, याचा छडा उपेंद्रला लावायचा होता.

"पायात पाय घालून पाडता, तो डाव कुणाचा?"

"डॉक्टरांचा," कल्लाप्पा म्हणाले.

"छे, कल्लाप्पाअण्णांचाच," डॉक्टर कानडीत म्हणाले.

उपेंद्र वैतागला. "अहो, एकाने तरी हक्क सांगा."

"स्वल्प थांब, करूनच दाखवतो," म्हणत कल्लाप्पा उठले.

कुस्तीच्या हौद्यात उतरताना डॉक्टरांनी वाकून लाल माती कपाळाला लावली. समोर कल्लाप्पांनी एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर टेकवून चिनी रिवाजाने मान लववली. दोघांनाही त्यात वेगळं काही वाटलं नाही.

उपेंद्रने पुढचा प्रश्न गिळला आणि बूट काढले. हौद्याच्या काठावर तो क्षणभर घुटमळला. मग त्याने माती कपाळाला लावली, मूठ तळव्यावर टेकवली आणि आत उतरला.